ईआरपीच्या कोटेशनमध्ये नमुना कोडची ओळ वेगळी मागा

भोसरी, तळवडे किंवा चाकणचा वर्कशॉपवाला ईआरपीनेक्स्टची चौकशी करतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "हे फुकट आहे ना?" परवान्यापुरतं ते खरं आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्यावर मिळतं आणि त्याच्याखालचा फ्रापे फ्रेमवर्क एमआयटी परवान्यावर. पैसे लागतात सर्व्हरला, मांडणीला आणि पुढच्या प्रत्येक अपग्रेडला. यातला अपग्रेडचा आकडा बराचसा पहिल्याच दिवशी ठरून जातो: व्हेंडर आपला नमुना कोड कुठे ठेवतो, त्यावर.

जॉबवर्कच्या चलनाचा फॉर्म, रिजेक्शन नोट, वाहन कंपनीचं शेड्यूल वाचून मागणी भरणारी स्क्रिप्ट असं तयार सामान, म्हणजेच नमुना कोड, व्हेंडरकडे असतं. ते जरूर घ्यावं, आठवडे वाचतात. मात्र ते फ्रेमवर्कच्या मूळ फायलींत घुसवलं, तर नवी आवृत्ती आणताना दोन्हीकडचे बदल भिडतात आणि एकेक फाईल हाताने निस्तरावी लागते. तेच सामान फ्रापेच्या 'बेंच' या साधनावर वेगळं अ‍ॅप काढून हुक्समधून, म्हणजे फ्रेमवर्कने जोडणीसाठी ठेवलेल्या जागांमधून जोडलं, की मूळ कोडला हात लागत नाही.

हिशेब समजण्यासाठी दर ताशी ८०० रुपये धरू. वेगळ्या अ‍ॅपला सुरुवातीला १५ तास जास्त लागले तर १२,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. मिसळलेला कोड सोडवायला एका अपग्रेडला ४० तास गेले तर ३७,७६०, आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा तेच. तास तुमच्या व्हेंडरकडून लेखी घ्या. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर कराचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

खुद्द फ्रापेनेही हीच वाट धरली. २०२२ च्या आवृत्ती १४ मध्ये एचआर आणि पगार मूळ ईआरपीनेक्स्टमधून काढून वेगळ्या अ‍ॅपमध्ये नेले. भारतीय जीएसटीसाठीही आता 'इंडिया कम्प्लायन्स' हे स्वतंत्र, मोफत अ‍ॅप आहे. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस सक्तीचं असल्याने हे अ‍ॅप कोटेशनमध्ये आहे का, तेही बघा.

वेगळं ठेवण्यात एक धोका मात्र खरा आहे. फ्रेमवर्क पुढे जातो आणि बाजूला पडलेला नमुना जुनाच राहतो. म्हणून वार्षिक देखभालीच्या करारात लिहून घ्या: प्रत्येक अपग्रेड आधी चाचणी सर्व्हरवर होईल, तिथे चलन, रिजेक्शन आणि बिल एकदा काढून दाखवलं जाईल, मगच चालू सर्व्हरला हात लागेल. या ओळीसाठी थोडे जास्त पैसे मागितले तरी द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

नमुना कोडसारख्याच, शिकण्यासाठी भरलेल्या डेमो नोंदीही वेगळ्या ठेवा, चालू कंपनीच्या हिशेबात नकोत. आणि अ‍ॅपचा सगळा सोर्स कोड तुमच्या कंपनीच्या खात्यावरच्या रिपॉझिटरीत आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.