दुसरा गाल आणि अन्यायाचा प्रतिकार

वाचन : मत्तय ५:३८-४२



दुसरा गाल पुढे करण्याची प्रभू येशूची शिकवण ऐकली की एक शंका हमखास निघते. पिढ्यान्‌पिढ्या जुलूम सोसणाऱ्यांना अहिंसा शिकवणे म्हणजे मुकाट्याने मार खायला सांगणेच नव्हे काय? ही शंका आपण झटकून टाकू नये.

कोलंबियाचे धर्मगुरू कामिलो तोरेस यांना गरिबांची दैना पाहवेना. धर्मगुरुपद सोडून ते सशस्त्र बंडखोरांना मिळाले आणि १५ फेब्रुवारी १९६६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, पहिल्याच चकमकीत मारले गेले. त्यांची कळकळ खरी होती. परंतु गरिबांची सुटका झाली नाही. रक्तपात पुढे कित्येक दशके चालू राहिला.

वीस वर्षांनी फिलिपिन्समध्ये वेगळी वाट दिसली. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत हुकूमशहा मार्कोस यांच्या बाजूने गैरप्रकार झाले. अशा सत्तेला नैतिक आधार नाही, असे तेथील बिशपांनी जाहीर केले व अहिंसक लढ्याची हाक दिली. २२ फेब्रुवारीला सैन्यातील एक गट फुटला. त्याच्या रक्षणासाठी कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना बोलावले. लाखो माणसे मनिलाच्या एड्‌सा रस्त्यावर उतरली. धर्मभगिनी जपमाळ घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले.

कुणी म्हणेल, फुटलेल्या सैनिकांपाशी बंदुका होत्याच. खरे आहे, पण रणगाडे अडले ते निःशस्त्र गर्दीपुढे. हे धैर्यही एका रात्रीत आले नव्हते. जाँ व हिल्डेगार्ड गॉस-मायर हे कॅथलिक दांपत्य १९८४ पासून तेथे अहिंसेची शिबिरे घेत होते.

ख्रिस्तसभा शस्त्राचा मार्ग सरसकट नाकारत नाही. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२४३) पाच अटी घालतो : मूलभूत हक्कांची निश्चित, गंभीर व दीर्घकाळची पायमल्ली, इतर सर्व उपाय थकलेले असणे, त्याहून मोठा अनर्थ न ओढवणे, यशाची सबळ आशा, आणि दुसरा बरा तोडगा नसणे. पाचही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात.

दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, वाकतही नाही. तो मारणाऱ्यासमोर ताठ उभा राहतो. मात्र घरात सुरक्षित बसून पीडितांना शांततेचे धडे देण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसल्यावरच आमच्या शब्दाला वजन येईल.

विचारासाठी : आपल्या गावात कुणावर अन्याय होताना आपण गप्प राहतो, ती अहिंसा असते की भीती?