लोखंडाचा अणू आणि स्वस्त ऊर्जेचा प्रश्न

आम्ही इतिहासाचे अध्यापक. स्मरणिकेसाठी रसायनशास्त्रातील विषय आम्ही का निवडला, असे माजी विद्यार्थी विचारतील. उत्तर इतिहासातच आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असावी, असे प्रतिपादन केले. उद्योग वाढल्याशिवाय शेतीवरचा भार हलका होणार नाही व दारिद्र्य हटणार नाही, हा त्यामागील विचार होता. म्हणून ऊर्जेचे नवे साधन पुढे आले की आपण प्रथम हेच विचारावे : ते शेवटच्या घराला परवडेल काय?

आज असे एक साधन हायड्रोजन होय. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्याआधी २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या देशी बनावटीच्या बसचे अनावरण झाले. अशा बसमध्ये हायड्रोजन जाळत नाहीत. इंधनघटाच्या एका बाजूस हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन मधल्या पातळ पटलातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना तारेतून वळसा घालून जावे लागते. हा वळसा म्हणजेच वीज. दुसऱ्या बाजूस दोघेही हवेतील ऑक्सिजनला भेटतात व पाणी तयार होते. अर्थात तो हायड्रोजन सूर्य वा वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढलेला असेल, तरच ही ऊर्जा खऱ्या अर्थाने स्वच्छ.

अडचण ऑक्सिजनच्या बाजूला आहे. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणूंचा बंध बळकट असतो. तो सहजी तुटत नाही. तेथे उत्प्रेरक लागतो. शाळेत पोटॅशिअम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळविताना आपण चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालत होतो, हे अनेकांना आठवत असेल. ती पूड अभिक्रिया वेगाने घडविते आणि स्वतः शेवटी तशीच उरते. इंधनघटात हे काम प्रामुख्याने प्लॅटिनम करते. परंतु हा धातू दुर्मीळ व महाग. जगाच्या पुरवठ्याचा मोठा भाग एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. जोवर प्लॅटिनमशिवाय भागत नाही, तोवर हे यंत्र स्वस्त होणे कठीण.

मग स्वस्त धातू कोणता? लोखंड. लोणारचे विवर ज्या काळ्या पाषाणात आहे त्या बेसाल्टमध्येही लोह आहे. या धातूचा सामाजिक इतिहास मात्र कटू आहे. ज्यांना चांडाळ ठरवून गावाबाहेर ठेवले, त्यांनी लोखंडाचेच अलंकार घालावेत, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. निसर्गाने अशी प्रतवारी कधीच मानली नव्हती. तुमच्या-आमच्या, सर्वांच्याच रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू चार नायट्रोजन अणूंच्या कोंदणात बसून ऑक्सिजन वाहून नेतो.

शास्त्रज्ञांनी नेमके असेच कोंदण घडविले. १९६४ मध्ये जॅसिन्स्की या संशोधकाने दाखविले की, चार नायट्रोजन अणूंनी धरून ठेवलेला कोबाल्टचा अणूही ऑक्सिजनची अभिक्रिया घडवू शकतो. पुढे लोहाचा क्षार, नायट्रोजनयुक्त पदार्थ आणि कार्बन एकत्र करून, हवा लागू न देता, सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला तापविण्याची पद्धत रूढ झाली. नंतर आम्लाने धुऊन लोखंडाचे सुटे कण काढून टाकतात. उरते ती काळी पूड. तिच्यातील कार्बनच्या जाळीत लोहाचे एकेकटे अणू विखुरलेले असतात. कार्बन वीज वाहतो, नायट्रोजन लोहाला धरून ठेवतो आणि लोह ऑक्सिजनचा बंध सैल करते. एकट्या लोखंडाच्या तुकड्याला जे जमत नाही, ते या संगतीत साधते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट प्लॅटिनमविरहित कार्बन उत्प्रेरकांवर संशोधन करीत आला आहे.

काम पूर्ण झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. इंधनघटातील आम्लधर्मी वातावरणात लोहाचे अणू हळूहळू सुटतात आणि पूड निस्तेज होते. अल्कधर्मी माध्यमात ती अधिक टिकते. टिकाऊपणात प्लॅटिनमची बरोबरी करणे, हे आजचे आव्हान आहे. ते सोडविणारे हात कोणाचे असतील?

ते बीबीच्या वसतिगृहातील मुलामुलींचेही असू शकतात. पालकांना आमची विनंती एवढीच की, दहावीनंतर विज्ञान शाखा झेपणार नाही, असे आपणच ठरवून मोकळे होऊ नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगशाळेतील रिकाम्या कपाटांकडे लक्ष द्यावे. स्वस्त आणि मुबलक विजेचा विचार १९४३ मध्ये ज्यांच्यासाठी मांडला गेला, त्यांच्या नातवंडांनी ती वीज घडविण्याच्या कामात उतरावे, ही त्या विचाराची स्वाभाविक पुढची पायरी आहे.