आपल्या मनाचा तट

वाचनाचे भाग : नीतिसूत्रे 25:28, गणना 20:1–13, मार्क 3:1–6, गलती 5:22–23.

परंड्याचा भुईकोट किल्ला आमच्या भागातील बहुतेक वाचकांनी पाहिलेला आहे. बाहेर खंदक, आत भक्कम तट, बुरुजांवर तोफा. सन 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मलिक अंबराने निजामशाहीची गादी याच किल्ल्याच्या आश्रयाने तगविली. हा कोट ज्याने पाहिला आहे त्यास नीतिसूत्रांतील उपमा फोड करून सांगावी लागत नाही. ज्याचा आपल्या मनावर ताबा नाही, तो तट ढासळलेल्या नगरासारखा आहे, असे तेथे सांगितले आहे. अशा नगरात शिरावयास शत्रूस वेस शोधावी लागत नाही. रागीट मनुष्याची गत तीच होय. शेजाऱ्याने बांधावरून एक शब्द टाकावा, भावकीतील कोणी पाण्याच्या पाळीवरून टोमणा मारावा, की हा लागलीच काठीस हात घालतो. आपण मोठे शूर आहो असे त्यास वाटते. पण खरे पाहता जो कोणी त्यास चिडवील त्याच्या हातचे तो बाहुले असतो.

विजापूरची मुलुखमैदान तोफ सर्वांस ऐकून ठाऊक आहे. ती सन 1549 मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली, पुढे परंड्यास होती, आणि 1632 साली विजापुरास गेली. ती डागताना आवाजाने कान फुटू नयेत म्हणून गोलंदाज बत्ती देऊन पाण्याच्या हौदात बुडी मारीत असे, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, तोफेजवळ जो उभा असतो त्यासच पहिला हादरा बसतो हे खरे. आणि रागाच्या तोफेजवळ कोण उभे असते? बहुधा घरची माणसे. बाजारात सावकारापुढे किंवा कचेरीत साहेबापुढे आपला राग मुकाट्याने गिळणारा मनुष्य घरी येऊन बायकोवर हात टाकतो. ‘माझा राग मला आवरत नाही,’ असे तो म्हणतो. परंतु साहेबापुढे तो आवरला होता ना?

मोशेचा इतिहास या बाबतीत फार बोधप्रद आहे. कादेश येथे पाणी नव्हते व लोक कुरकुर करीत होते. दुष्काळाची सवय असलेल्या आमच्या वाचकांस त्या लोकांची तळमळ समजेल. खडकाशी बोल, अशी देवाची आज्ञा होती; मोशेने संतापून लोकांस अविचाराचे शब्द सुनाविले आणि खडकास काठीचे दोन तडाखे दिले. येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. पाणी आले! लोक प्याले, गुरेढोरे प्याली. तरीही मोशेस वचनदत्त देशात प्रवेश मिळाला नाही. रागाने काम साधले म्हणून तो राग योग्य ठरत नाही. छडीच्या धाकाने वर्ग शांत बसतो खरा, पण मुले शिकली असे त्यावरून कोणत्या पंतोजीने समजावे?

मग राग येणे हेच पाप काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाळलेल्या हाताच्या मनुष्याविषयी सभास्थानातील लोकांचे काळीज कठीण झालेले पाहून प्रभू येशू रागावला व त्याच वेळी खिन्नही झाला, असे मार्क लिहितो. त्या रागातून कोणास इजा झाली नाही. एकाचा हात बरा झाला. आमच्या पुष्कळ मंडळ्यांचे पूर्वज ज्या अन्यायाखाली जगले, त्याचा राग येऊ नये असे कोण म्हणेल? 20 मार्च 1927 रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला व अनेक जखमी झाले. सूड घेण्यास उत्सुक असलेल्या आपल्या माणसांस डॉ. आंबेडकरांनी आवरून धरिले. लढा मात्र सोडिला नाही. तो न्यायालयात चालला, आणि 1937 साली मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. डॉ. आंबेडकर ख्रिस्ती नव्हते. तथापि आवरलेला राग किती लांबची मजल मारितो हे त्यांच्याकडून शिकण्यात आम्हांस कमीपणा वाटू नये.

यावरून उपदेशकांनी एक खबरदारी घ्यावी. मार खाणाऱ्या स्त्रीस ‘सोशीत राहा’ असे सांगणे म्हणजे आत्मसंयमनाचा उपदेश नव्हे. तो धडा मारणाऱ्याने शिकावयाचा आहे. तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवावे. 2005 सालच्या कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे, त्याची माहिती मंडळीच्या वडिलांनी करून घ्यावी.

गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांत शेवटी इंद्रियदमन येते. मूळ ग्रीक शब्दाच्या पोटात ‘सत्ता, बळ’ हा अर्थ आहे. म्हणजे ते दुबळ्याचे मौन नव्हे. आणि पौल त्यास फळ म्हणतो. फळ एका रात्रीत पिकत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, पण त्यांचा तापट स्वभाव त्या दिवशी पाण्यात वाहून गेला नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात तो झाकून ठेविलेला नाही. म्हणून नव्या बांधवाचा पुन्हा तोल गेला तर ‘हा खरा ख्रिस्ती नव्हे’ असा निकाल कोणी घाईने देऊ नये. ज्याचे वाईट केले त्याच्या दारी जाऊन त्याने क्षमा मागितली की नाही, हे पाहावे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे जे इफिसकरांस लिहिले आहे, त्याचा हा उपयोग आहे.

उपायांपैकी एकच येथे सांगतो. आपल्या मुखावर पहारा ठेव, अशी प्रार्थना 141 व्या स्तोत्रात आहे. पहारेकरी शत्रू आल्यावर नेमीत नाहीत. कोणत्या वेळी, कोणापुढे व कोणत्या गोष्टीवरून आपला तोल जातो हे प्रत्येकाने सकाळीच देवापुढे नाव घेऊन सांगावे. दारूने तट आतूनच फुटतो, हे निराळे सांगावयास नको.

या आठवड्याच्या उपासनेत गणना 20 मोठ्याने वाचावे आणि मोशेने खडकाशी काय बोलावयास पाहिजे होते, हे मंडळीतील मुलांस प्रथम विचारावे.