जाता साठ, येता चाळीस : सरासरी पन्नास नव्हे!

ताईंनो, कुणाची लेक पोलीस भरतीची तयारी करतेय, कुणाचं लेकरू शिष्यवृत्तीला बसतंय. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्न अन् वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला पुरतं एक मिनिटसुद्धा नाही. अशा घाईत एक गणित हमखास फसवतं. आज तेवढं एकच घेऊ. लेकराला शेजारी बसवा आणि वही-पेन्सिल घ्या.

प्रश्न असा येतो : एक टेम्पो ताशी 40 किमी वेगाने गावाला जातो व त्याच रस्त्याने ताशी 60 किमी वेगाने परत येतो. तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

पोरं पटकन म्हणतात, चाळीस अन् साठ शंभर, भागिले दोन, पन्नास. पर्यायांत 50 असतंच. प्रश्न काढणाऱ्यानं ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

आता आपल्या रस्त्यावर करून बघू. विष्णुपुरीहून माल भरून टेम्पो लोह्याच्या बाजाराला निघाला. अंतर हिशेबाला सोपं जावं म्हणून 24 किमी धरा. जाताना गाडी भरलेली, ताशी 40 चा वेग, लागली 36 मिनिटं. येताना रिकामी, ताशी 60, लागली 24 मिनिटं. 36 आणि 24 मिळून 60 मिनिटं, म्हणजे बरोबर एक तास. अंतर जाऊन-येऊन 48 किमी. एका तासात 48 किमी झाले, म्हणून सरासरी वेग ताशी 48 किमी. पन्नास नाही.

असं का झालं? अंतर दोन्ही वेळी सारखंच आहे, पण वेळ सारखा नाही. टेम्पो 36 मिनिटं हळू चालला आणि 24 मिनिटंच जोरात. हळू चालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी हळूकडं ओढली गेली. लेकराला सूत्राआधी हे समजावा. समजलं तर सूत्र विसरलं तरी उत्तर निघतं :

सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ

जाण्या-येण्याचं अंतर सारखं असलं तर झटपट रीत अशी : दोन्ही वेगांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा, मग दोन्ही वेगांच्या बेरजेनं भागा. 40 × 60 = 2400, दुप्पट 4800, भागिले 100, उत्तर 48. प्रश्नात अंतर दिलेलं नसलं तरी चालतं.

पण ही रीत सगळीकडं लावू नका. "पहिला एक तास ताशी 40 ने, दुसरा एक तास ताशी 60 ने" असं विचारलं तर वेळ सारखा आहे. तिथं 100 किमीला दोन तास लागले, म्हणून 50 च बरोबर. प्रश्नात अंतर सारखं आहे की वेळ सारखा, तो शब्द शोधून त्याखाली रेघ मारायची सवय लावा.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही बरं का. आमच्याच गटात पापडासाठी उडदाची डाळ घेतली. एका महिन्यात 2,400 रुपयांची, 80 रुपये किलोनं, 30 किलो आली. पुढच्या महिन्यात पुन्हा 2,400 ची, पण भाव 120, म्हणून 20 किलोच आली. वहीत सरासरी भाव 100 लिहिला अन् 50 किलोचे 5,000 मांडले. पावत्या मात्र 4,800 च्या! दोनशे रुपये कुठं गेले म्हणून जिनं खरेदी केली तिच्याकडं सगळ्या बघायला लागल्या. तिचा जीव टांगणीला. शेवटी 4,800 ला 50 नं भागलं तेव्हा खरा भाव निघाला 96. पैसा कुठं गेलाच नव्हता, सरासरीच चुकली होती. पैसे दोन्ही वेळी सारखे, किलो वेगळे. टेम्पोचंच गणित की हे!

आता एक गंमत. टेम्पो त्याच 24 किमीला जाताना ताशी 24 नंच गेला. सगळ्या प्रवासाची सरासरी 48 यायला हवी, तर परत किती वेगानं यावं? ताशी 72 म्हणाल. पण 48 किमीची सरासरी 48 यायची तर एकूण वेळ एकच तास, आणि तो तास जातानाच संपला! आता विमान आणलं तरी जमणार नाही. असंच कोडं माक्स वर्दायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आइन्स्टाइनला पाठवलं होतं. त्यालाही आकडेमोड केल्यावरच कळलं की परतीला वेळच उरत नाही. तेव्हा लेकराचं चुकलं तर रागावू नका.

घरी सोडवा :

1) मुलगी सायकलनं शाळेत ताशी 12 किमीनं जाते, समोरच्या वाऱ्यामुळं ताशी 8 नं परत येते. सरासरी वेग किती?

2) बस पहिले 30 किमी ताशी 30 नं आणि पुढचे 120 किमी ताशी 60 नं जाते. सरासरी किती? (अंतर सारखं नाही, झटपट रीत लावू नका.)

3) वरचा लोह्याचा टेम्पो माल उतरवायला अर्धा तास थांबला. थांब्यासह सरासरी किती?

उत्तरं : 1) ताशी 9.6 किमी. 2) 150 किमी, 3 तास, ताशी 50 किमी. 3) 48 किमीला दीड तास, ताशी 32 किमी.