बालक विचारील तेव्हा
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-७, लूक २:४१-५२, योहान ९:१-३



बंगळुरातील मराठी कुटुंबांच्या एका लहानशा मंडळीत उपासनेनंतर मी काही वर्षे मुलांचा वर्ग घेत असे. सहा ते बारा वर्षांची दहा-बारा मुले असत. एका रविवारी धडा होता मत्तय ७:७. जो मागतो त्याला देव देतो, असे मी शिकविले, वचन पाठ करून घेतले आणि समाधानाने घरी गेलो. त्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील त्या वेळी रुग्णालयात होते. पुढच्याच महिन्यात ते वारले. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मी त्या घरी भेटीस गेलो असता तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, एका रात्री मी प्रार्थना न करताच झोपलो होतो."

एवढेच तो बोलला. पण गेले कित्येक दिवस ते पोर कोणते ओझे एकट्याने वाहत होते, हे माझ्या ध्यानात आले आणि मी सुन्न झालो. मी शिकविलेले वचन खरे होते. परंतु त्याच्या मनात जे उमटले ते खरे नव्हते, आणि क्रूर होते. भाषांतराच्या कामात आम्ही एक गोष्ट वारंवार शिकतो. मूळ वाक्य कितीही शुद्ध असो, ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उतरला तर काम अपुरे राहिले. हाच नियम शब्बाथ शाळेलाही लागू आहे, हे मला त्या मुलाने शिकविले.

बालकाचा न्याय

त्या मुलाने असा अर्थ का लावला? स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरील आपला ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा सफरचंदे चोरून पळतो, वाटेतील कुजका पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तर पूल मोडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेकांनी उत्तर दिले की, नसता मोडला. जणू त्या लाकडालाही चोरी ठाऊक होती! वय वाढत जाते तसे हे उत्तर कमी होत जाते, असे त्यांस आढळले. म्हणजे लहान वयात मुलाला वाटते की जगातील प्रत्येक दुःख ही कोणाच्या तरी चुकीची शिक्षा आहे. आणि चूक करणारा दुसरा कोणी दिसला नाही, तर तो स्वतःकडेच बोट दाखवितो.

हे वाचून आपण मुलांना हसू नये. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला होता : पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले (लूक १३:४-५). यावरून बोध असा की, शिक्षा आणि दुःख यांची ही गाठ शिक्षकाने आपण होऊन सोडविली पाहिजे. मूल ती सहसा बोलून दाखवीत नाही.

शब्दाचा शब्दशः अर्थ

सहा ते दहा-अकरा वर्षांचे मूल विचार करू शकत नाही असे नव्हे. ते उत्तम विचार करते. परंतु पाहिलेल्या, हाताळलेल्या, अनुभवलेल्या गोष्टींच्या आधाराने करते. आपली धार्मिक भाषा मात्र रूपकांनी भरलेली आहे. "प्रभूमध्ये झोपी गेले" असे आपण सहज म्हणतो. ते ऐकून एखादे मूल रात्री डोळे मिटावयास घाबरते. "देवाला आवडले म्हणून त्याने नेले" असे म्हणतो, आणि देवाला आपण आवडू नये अशी प्रार्थना एखादे मूल मनात करू लागते. लाजराविषयी प्रभूनेही प्रथम झोपेचाच शब्द वापरला होता. शिष्यांनी तो शब्दशः घेतला आहे हे दिसताच, लाजर मेला आहे असे त्याने उघड सांगितले (योहान ११:११-१४). प्रौढ शिष्यांसाठी प्रभूने जे केले, ते आपण बालकांसाठी का करू नये?

मार्क १०:४५ मध्ये आपल्या परिचित भाषांतरात "खंडणी" हा शब्द आहे. जुन्या मराठीत त्याला सोडवणुकीच्या मोलाचा अर्थ होता. आजचे मूल तो शब्द बातम्यांत ऐकते, आणि तेथे खंडणी गुंड मागतात! बंगळुरातील आमच्या मुलांची अडचण तर दुहेरी. शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड, आणि मराठी फक्त आजीशी. त्यांना "तारण", "नीतिमत्त्व", "अंतःकरण" हे शब्द पाठ असतात, पण ते त्यांच्या घरात कधी वावरलेले नसतात. मुंबई, नागपूर, अहमदाबाद येथील इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांची स्थिती फार वेगळी नसावी.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीतील गंगामूळ येथे १८५८ साली त्यांचा जन्म झाला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मुलाने हात, डोळे आणि खेळ यांच्याद्वारे शिकावे, हे त्या पद्धतीचे सार. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात राहून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायकांना समजावे म्हणून सोप्या भाषेत. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले, आणि १९२४ साली ते संपूर्ण भाषांतर छापून निघाले. मला ही दोन्ही कामे एकाच वृत्तीची वाटतात. शिकणारा कोठे उभा आहे ते पाहावे आणि सत्य तेथवर चालत न्यावे.

मग शास्त्र शिकवूच नये काय?

इंग्लंडमध्ये रोनाल्ड गोल्डमन यांनी सहा ते सतरा वर्षांच्या मुलांना पवित्र शास्त्रातील गोष्टींवर प्रश्न विचारले आणि १९६४ साली निष्कर्ष मांडला की, लहान मुले त्या गोष्टींचा अर्थ शब्दशः घेतात. म्हणून त्यांतील बराचसा भाग पुढील वयासाठी राखून ठेवावा. त्यांचे निरीक्षण विचारात घेण्याजोगे आहे, परंतु उपाय मला पटत नाही. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली दाखवून दिले की, प्रश्न मुलांच्या ओळखीच्या मानवी प्रसंगात गुंफला तर तीच मुले पुष्कळ पुढचा विचार करतात. तेव्हा दोष बालकाच्या बुद्धीचा किंवा शास्त्राचा नाही. आपण धडा कोठून सुरू करतो, हा खरा प्रश्न आहे.

यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे आणविले. कशासाठी? पुढे मुले विचारतील, ह्या धोंड्यांचा अर्थ काय. आणि मग वडिलांनी त्यांस झालेली हकिकत सांगावी. वल्हांडणाविषयीही असेच आहे (निर्गम १२:२६-२७). हा क्रम पाहा : प्रथम डोळ्यांना दिसणारी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, मग गोष्ट. आपण बहुधा उलटे करतो. तात्पर्य आधी सांगतो, गोष्ट घाईने उरकतो आणि प्रश्न आपणच विचारतो.

वयानुसार तीन पायऱ्या

ह्या पायऱ्या वाढदिवसाच्या दिवशी बदलत नाहीत; तरी शिक्षकाला त्यांची मदत होते.

सहा ते आठ वर्षे : एका धड्यात एकच प्रसंग घ्यावा. ह्या वयात अब्राहाम, दावीद आणि स्वतःचे पणजोबा एकाच "फार पूर्वी"त राहतात, म्हणून सनावळीचा आग्रह धरू नये. भाकरी, दिवा, मेंढराची लोकर, मूठभर मोहरी हाती द्यावी. गोष्टीनंतर थोडा वेळ गप्प राहावे.

नऊ-दहा वर्षे : ह्यांना क्रम, नकाशे, याद्या आणि नियम आवडतात. न्यायाची जाणीव तीव्र असते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ही मुले बहुधा थोरल्या भावाची बाजू घेतात. त्यांना रागावू नका. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला होता (लूक १५:२८). त्यांना एवढेच विचारा : पुढे थोरला आत गेला असेल का?

अकरा-बारा वर्षे : आता गोष्टीमागील अर्थ दिसू लागतो आणि शंकाही येतात. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. शंका विचारणाऱ्या मुलाला "विश्वास ठेव" म्हणून बसवू नये. उत्तर ठाऊक नसेल तर "आपण दोघे शोधू" असे म्हणण्यात शिक्षकाला कमीपणा नाही.

आणखी एक सावधगिरी. सहा ते बारा हे वय उद्योगशीलतेचे आहे, आणि ह्याच वयात न्यूनगंडाचा धोका असतो, असे एरिक एरिक्सन यांनी १९५० साली लिहिले. पाठांतराच्या स्पर्धा आणि नाताळची बक्षिसे यांचा मी विरोधक नाही. परंतु ज्याला दर वर्षी काहीच मिळत नाही, तो मुलगा देवाच्या घरीही आपण शेवटचेच, असे शिकून जातो. फळा पुसणे, गीतपुस्तके वाटणे, धाकट्यांना गोष्ट सांगणे यांतले कोणते तरी काम प्रत्येकाला उत्तम जमते. ते शोधून त्याच्या हाती द्यावे.

भाजलेले मासे

त्या मुलाला मी काय उत्तर दिले, ते सांगून संपवितो. प्रार्थनेविषयीचा सिद्धांत मी सांगितला नाही. मी त्याला गेथशेमाने बागेची गोष्ट सांगितली. पेत्र, याकोब आणि योहान यांना येशूने जागे राहून प्रार्थना करावयास सांगितले होते, आणि ते तिघेही झोपले. त्यांच्या झोपेमुळे येशू मेला का? नाही. तो त्यांच्यावर रुसला का? पुनरुत्थानानंतर तो सरोवराच्या काठी आला, तेव्हा हे तिघेही तेथे होते. आणि त्याने त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवली होती (योहान २१:१-१३). मग मी स्पष्ट म्हणालो, "बाळा, बाबा आजाराने वारले. तुझ्या झोपेने नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "मासे भाजलेले होते का?"

"होय," मी म्हणालो, "कोळशांच्या विस्तवावर." तो उठला आणि आईला ते सांगावयास आत गेला.

बंधुभगिनींनो, पुढील धडा तयार करण्यापूर्वी शिक्षकांच्या सभेत हे तीन प्रश्न जरूर चर्चेस घ्या. ह्या धड्यातील कोणता शब्द मूल शब्दशः घेईल? ह्या धड्यामुळे कोणते मूल स्वतःला दोषी ठरवील? आणि मुलाला प्रश्न विचारावासा वाटेल, असा कोणता धोंडा आपण त्याच्यापुढे ठेवणार आहोत?

प्रभूला आपल्या शिष्यांस आणखी पुष्कळ सांगावयाचे होते, परंतु त्या वेळी ते त्यांना सोसवले नसते, म्हणून तो थांबला (योहान १६:१२). तेच थांबणे आणि तीच माया तो आपणांसही देवो.