आकाशांतील पंचावन्न शत्रु

आई जेवावयास हांक मारते आणि पडद्यावरील खेळांत गुंग झालेला मुलगा “एकच डाव, आई!” असें उत्तर देतो, हा प्रसंग आज घरोघरीं घडतो. त्या एका डावांत एवढें काय असतें, हें आईस कळत नाहीं. आणि खरें पाहतां मुलासहि तें सांगतां येत नाहीं. म्हणून अशा खेळांपैकीं एका जुन्या व विख्यात खेळाची घडण आज आपण उलगडून पाहूं. त्याचें नांव ‘स्पेस इन्व्हेडर्स’, म्हणजे अंतराळांतून चालून आलेले आक्रमक.

नाणें टाकून पडद्यावर खेळावयाचीं यंत्रें यापूर्वींहि होतीं. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७२ सालीं टेबल टेनिसच्या धर्तीवर ‘पाँग’ हा खेळ काढिला, आणि १९७६ सालीं ‘ब्रेकआउट’. या दुसऱ्या खेळांत चेंडूनें भिंतीच्या विटा एकेक करून फोडावयाच्या असतात. जपानांतील तैतो कंपनींत काम करणारे तोमोहिरो निशिकादो यांस तो खेळ फार आवडला. त्याहून सरस असें कांहीं करावें, या हेतूनें त्यांनीं निर्जीव विटांच्या जागीं हालणारे व उलट मारा करणारे शत्रु योजिले. मनुष्याकृति पडद्यावर हालविणें सोपें होतें. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ करणें योग्य नव्हे, असें ठरलें. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरींतील मंगळवासी ऑक्टोपससारखे आहेत. त्यावरून ऑक्टोपस, खेंकडा व माकूळ या जलचरांच्या आकाराचे शत्रु निर्माण झाले. यंत्र व तें घडविण्याचीं साधनें निशिकादो यांनीं बहुतांशीं स्वतःच तयार केलीं, आणि १९७८ सालीं हा खेळ लोकांपुढें आला.

खेळाचे नियम सोपे आहेत. प्रत्येकीं ११ याप्रमाणें ५ रांगांत ५५ शत्रु उभे असतात. ते आडवे सरकतात, कडेस पोंचतांच एक पायरी खालीं उतरतात व उलट दिशेस चालूं लागतात. तळाशीं खेळाडूची एक तोफ असते व तिच्या रक्षणार्थ चार बुरूज असतात. खालच्या दोन रांगांतील प्रत्येक शत्रूस १०, मधल्या दोन रांगांतील प्रत्येकास २० व सर्वांत वरच्या रांगेंतील प्रत्येकास ३० गुण मिळतात. एका सेनेचे एकंदर गुण ९९० कसे होतात, तें विद्यार्थ्यांनीं मांडून पाहावें. एक गोळा पडद्यावर असेपर्यंत दुसरा सुटत नाहीं. म्हणून नेम चुकल्यास कांहीं काळ हात चोळीत बसावें लागतें.

आतां या खेळाचें मर्म पाहूं. त्यांतील ‘इंटेल ८०८०’ हा प्रोसेसर आजच्या मानानें फारच दुबळा होता. पडद्यावरील चित्र सेकंदास सुमारें ६० वेळां नवें होई, आणि दर वेळीं एकच शत्रु पुढें सरके. अर्थात् ५५ शत्रु असतांना सबंध सेनेचें एक पाऊल पडण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. तीस उरले कीं अर्धा सेकंद, सहा उरले कीं एकदशांश सेकंद. आणि शेवटचा एकटा शत्रु सेकंदास ६० पावलें टाकीत धांवत सुटे! सेना जसजशी घटे, तसतसा तिचा वेग वाढे. वास्तविक हा यंत्राचा दोष होता. परंतु त्यायोगें खेळास रंगत येते हें ओळखून निशिकादो यांनीं तो तसाच राहूं दिला. त्याच्या जोडीस चार खर्जांतले स्वर सतत वाजत असतात. तेहि हळूहळू जलद होतात, आणि खेळणाऱ्याच्या छातीचे ठोके त्यांच्याबरोबर वाढतात.

शेवटचा शत्रु पडला तरी युद्ध संपत नाहीं. ५५ जणांची नवी सेना येते व ती अधिक खालून चाल करते. येथें अखेरचा विजय नाहींच. पराभव किती लांबवितां येतो, एवढेंच खेळाडूच्या हातीं आहे. पराभव होतो तो बहुधा अगदीं थोडे शत्रु उरले असतां, आणि माथ्यावर उच्चांक तर दिसतच असतो. मग “थोडक्यांत चुकलें, पुढच्या खेपेस साधेल” असें मनांत येतें आणि हात खिशांतील नाण्याकडे जातो. जपानांत केवळ याच खेळाचीं यंत्रें असलेलीं दालनें निघालीं, त्यांत नवल नाहीं. २०१३ सालीं न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें हा खेळ आपल्या संग्रहांत घेतला.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक ही कीं, साधन अपुरें असलें म्हणून कुशल मनुष्य रडत बसत नाहीं. त्या अपुरेपणांतूनहि तो कांहीं निपजवितो. दुसरी अधिक महत्त्वाची. हा खेळ आपण होऊन कधींहि “पुरे” म्हणत नाहीं, कारण त्याची रचनाच तशी आहे. पालकांनीं हें जाणलें, तर मुलावर नुसतें रागावण्याऐवजीं ही रचना त्यास समजावून देतां येईल. आणि मुलांनो, “पुरे” हा शब्द यंत्रास ठाऊक नाहीं. तो तुम्हांसच उच्चारावा लागेल. ज्याला तो वेळेवर उच्चारतां येतो, त्यानें खुशाल खेळावें.