मजकूर आणि हुकूम

मोडी कागद वाचायला शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो शब्द तोडण्याचा. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात असे जुने कागद जतन केलेले आहेत. मोडीत ओळ सलग लिहिली जाते. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्हे नसतात. ‘फाशीनकोसोडा’ असे लिहिले असेल, तर ‘फाशी नको, सोडा’ असे वाचावे की ‘फाशी, नको सोडा’ असे? अक्षर एकही बदलत नाही. पण एखाद्याचा जीव वाचणाऱ्याच्या समजुतीवर टांगलेला राहतो.

हाच प्रश्न आज संगणकापुढे आहे. आमचे कित्येक माजी विद्यार्थी संगणकप्रणाली लिहिण्याचे काम करतात, म्हणून स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

संगणकाला लेखी हुकूम देण्याच्या साधनास ‘शेल’ म्हणतात. शेल आलेली ओळ वाचते, मोकळ्या जागेवर शब्द तोडते आणि काही चिन्हांना विशेष अर्थ देते. अनेक शेलमध्ये अर्धविराम म्हणजे ‘पहिला हुकूम संपला, आता दुसरा’. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जातील नाव घेऊन प्रणाली शेलला सांगते, ‘दाखला छापा सुनीता’. येथे काही बिघडत नाही. परंतु नावाच्या रकान्यात कोणी ‘सुनीता; सर्व नोंदी पुसा’ असे भरले, तर दाखला छापून झाल्यावर नोंदीही पुसल्या जातील. नाव हा मजकूर होता. त्याचा हुकूम झाला. हे टाळण्यासाठी चिन्हांचा विशेष अर्थ काढून घेऊन त्यांना साधी अक्षरे करावी लागतात. यालाच ‘एस्केप करणे’ म्हणतात.

हे काम प्रोग्रामर बहुधा तयार लायब्ररीवर सोपवतो. पण लायब्ररीच चुकली तर? ‘पीएचपीमेलर’ ही ईमेल पाठवण्याची लायब्ररी जगभरातील असंख्य संकेतस्थळे वापरतात. डिसेंबर २०१६ मध्ये गोलुन्स्की या संशोधकाने दाखवून दिले की, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अवतरणचिन्हे आणि मोकळ्या जागा योजून भरल्यास ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रामला भलत्याच सूचना देता येतात आणि सर्व्हरवर परक्याचा कोड चालवता येतो. तातडीने दुरुस्ती झाली. पण एस्केप करण्याच्या दोन रीती एकावर एक लागल्या आणि एकीने घातलेले कुंपण दुसरीने मोडले. काही दिवसांतच पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

‘रस्ट’ ही तर सुरक्षिततेसाठी नावाजलेली संगणकभाषा. तिच्या मूळ लायब्ररीतील असाच दोष ९ एप्रिल २०२४ रोजी जाहीर झाला. विंडोजमध्ये बॅच फाइल ‘सीएमडी’ हा शेल चालवतो आणि मजकूर वाचण्याचे त्याचे नियम इतर प्रोग्रामांहून वेगळे आहेत. ते लायब्ररीने पुरेसे ध्यानात घेतले नव्हते. दोषाची गंभीरता १० पैकी १० ठरली. दुरुस्ती मात्र प्रांजळ होती : जे मूल्य सुरक्षितपणे एस्केप करता येत नाही, ते चालवण्यास लायब्ररी आता नकार देते.

यातून घ्यावयाचा बोध असा. शक्य तेथे शेल मध्ये आणूच नये. प्रोग्रामचे नाव आणि प्रत्येक मूल्य यादीने वेगवेगळे द्यावे. तेवढ्यानेही निर्धास्त होऊ नये, कारण आडव्या रेघेने सुरू होणारे मूल्य प्रोग्राम सूचना म्हणून वाचू शकतो. म्हणून अपेक्षित नमुन्यात बसेल तेच स्वीकारावे. लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात आणि प्रणालीला कामापुरतेच अधिकार द्यावेत.

कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवण्याची पाळी आमच्या आजोबा-पणजोबांवर आली. मजकूर एक सांगितला गेला, हुकूम दुसराच निघाला आणि शेत गेले, अशा हकिकती जळगाव-धुळ्याच्या गावोगावी ऐकू येतात. आज जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते हे सारे संगणकात आहे. गरिबाने रकान्यात लिहिलेले नाव नावच राहावे, त्याआडून कोणाचा हुकूम सुटू नये, ही जबाबदारी आता त्याच आजोबांच्या नातवंडांच्या हाती आली आहे. ती त्यांनी डोळसपणे पार पाडावी, एवढीच आमची अपेक्षा.